उस्तीन्याची बंद चिठ्ठी

मिलिंद,

तुझ्या पुस्तकाच्या शेवटच्या प्रकरणातलं एक वाक्य खोटं आहे. हे मला नऊ वर्षांपासून माहीत आहे, आणि नऊ वर्षांत मी तुला ते सांगितलं नाही. तू जाऊन सोळा दिवस झाल्यावर आता सांगायला बसलोय, यावरून मी किती धीराचा माणूस आहे ते ओळख.

पण आधी मला चिडू दे. सोळा दिवस मी नुसता हात जोडून, मान खाली घालून फिरतोय आणि आता मला त्याचा कंटाळा आला आहे.

तुझ्या कॉलेजात, नांदेडला, शोकसभा झाली. स्टेजवर तुझा तो केसाळ टोपीतला फोटो मोठा करून लावला होता. रशियात काढलेला एवढा एकच फोटो तुझ्याकडे आहे आणि त्यातली टोपी तिथल्या होस्टेलच्या खोलीतल्या दुसऱ्या मुलाची होती, फोटोपुरती मागून घेतलेली, हे तिथे मला आणि वहिनींनाच माहीत. प्राचार्य म्हणाले, रशियन भाषेचा गाढा अभ्यासक हरपला. याच गृहस्थांनी विद्यार्थी पुरेसे नाहीत म्हणून तुझा रशियनचा वर्ग बंद केला होता. त्या खोलीत आता उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आहेत, मी मुद्दाम जाऊन खिडकीतून बघून आलो. फळ्याच्या कोपऱ्यात तू पांढऱ्या ऑइलपेंटनं रंगवलेली रशियन अक्षरं अजून आहेत, कारण ती पुसली जात नाहीत. दुसरे एक वक्ते म्हणाले की सरांनी रशिया आणि मराठवाडा यांच्यात पूल बांधला. हे ऐकून तू माझ्या कानात काय म्हणाला असतास ते मला ऐकू आलं, आणि मी हसलो, आणि शेजारच्या बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. मग मला बोलायला उभं केलं. मी दोन मिनिटं काहीतरी गुळगुळीत बोललो आणि खाली बसलो. खरं बोलायचं तर तुझ्या पुस्तकाबद्दल बोलावं लागलं असतं, आणि पुस्तकाबद्दल बोलायचं तर त्या वाक्याबद्दल.

आपली ओळखच मुळी भांडणातून झाली. लातूरला आमच्या कॉलेजात तौलनिक साहित्याचं चर्चासत्र होतं. सकाळपासून एकामागून एक निबंध: अमुक रशियन लेखकाचा तमुक मराठी लेखकावर प्रभाव. तू मागच्या रांगेतून उठलास आणि विचारलंस, "लेखकाचा लेखकावर प्रभाव पडला, मान्य. ज्यांच्यावर लिहिलं त्यांना कुणी वाचून दाखवलं का?" अध्यक्षांनी वेळेअभावी तो प्रश्न बाजूला ठेवला. जेवताना मी ताट घेऊन तुझ्याशेजारी आलो, कारण मला तुझा प्रश्न आगाऊ वाटला होता आणि तसं सांगायचं होतं. तू माझ्या ताटातला शेंगदाण्याच्या चटणीचा गोळा न विचारता उचललास आणि तासभर बोलत राहिलास.

तू म्हणालास, रशियात भूदासांवर जे थोर लेखन झालं ते बहुतेक मालकांच्या घरात जन्मलेल्यांनी केलं. प्रेमानं केलं, अपराधी वाटून केलं, वाचताना आपल्याही डोळ्यांना पाणी येतं. पण ते लिहिताना माणूस ओसरीवर बसला आहे. आपल्याकडे ज्यांनी सोसलं त्यांनी स्वतः लिहिलं, ओसरीखाली उभं राहून. मग या दोन लेखनांची तुलना करायची कुणी? तुझं उत्तर तयार होतं. सोसणाऱ्यांच्या नातवंडांना ती रशियन कथा वाचून दाखवायची आणि ती कुठे अडवतात ते लिहून घ्यायचं. मी म्हणालो, याला संशोधन म्हणत नाहीत. तू म्हणालास, "म्हणू नका. तुम्ही फक्त लिहून घ्यायला या. मला वाचत असताना लिहिता येत न्हाई."

आणि मी आलो. सतरा वर्षं येत राहिलो. आता आठवलं की मला माझाच राग येतो, इतक्या सहज मी तुझ्या नादी लागलो.

कंधारच्या पुढे तुझं गाव, गावाच्या कडेला तुमची वस्ती, वस्तीत बुद्धविहार. पावसाळ्यात वर्षावासाचे तीन महिने तिथे दुपारी ग्रंथवाचन चालायचं. रानातलं काम आटोपून बाया पांढरी लुगडी नेसून यायच्या आणि मांडी घालून दोन दोन तास ऐकायच्या. तुझ्या डोक्यात नेमकं हेच भरलं होतं. तू म्हणायचास, विद्यापीठात मला असे ऐकणारे मिळत नाहीत. यांचे कान तयार आहेत. ग्रंथवाचन संपलं की बाजूच्या पत्र्याच्या शेडमध्ये तुझं वाचन सुरू व्हायचं. हातात रशियन पुस्तक आणि तोंडात तुझ्या मायची भाषा. बाया पहिल्या दिवशी उभ्याच राहिल्या, कारण माझ्यासाठी खुर्ची ठेवली होती आणि मी पाटलाघरचा, हे त्यांना माझ्या आधी कळलं होतं. तू काही न बोलता ती खुर्ची उचलून बाहेर लिंबाखाली ठेवलीस. मी सतरंजीवर बसलो आणि मग सगळ्या बसल्या.

समोवर म्हणजे काय हे समजावताना तू सरळ म्हणालास, चहाचा बंब. तेव्हा तुझी मावशी पारूबाई म्हणाली, "एवढ्याशा च्यासाठी बंब? ह्येंच्या घरी वऱ्हाड उतरलं व्हतं का?" मी ते वहीत लिहून घेतलं. तू मला नंतर सांगितलंस की ही टीप तुला रशियन शिकवणाऱ्या हैदराबादच्या प्राध्यापकांच्या अख्ख्या व्याख्यानापेक्षा मोलाची आहे. मला ती तेव्हा नुसती गंमत वाटली होती.

मग तुझा तो नियम. गोष्ट शेवटाच्या जरा आधी थांबवायची, पुस्तक मिटायचं आणि विचारायचं: पुढं काय झालं असंल? ज्या बाईनं सांगितलं तिचं नाव आधी लिहायचं, नावाखाली तिचा शेवट. आणि मूळ शेवट कुणालाही, कधीही सांगायचा नाही. यावरून आपण कंधारच्या एसटीत, वाटेतल्या लोहा गावच्या हॉटेलात, फोनवर, तुझ्या मुलीच्या लग्नाच्या मांडवात भांडलो. मी म्हणायचो, अरे, त्यांना गोष्ट ऐकवतोस आणि शेवट दडवतोस, हा काय न्याय? तू म्हणायचास, "मी मास्तर हाय बाबा. मास्तरानं उत्तर सांगितलं की वर्ग झोपतो. शेवट कळला की त्या माझं उत्तर पाठ करतील. मला त्यांचं पाहिजे." तुझं बोलणं पटायचं आणि तरी कुठेतरी खुपायचं. का खुपतं ते मला नीट सांगता यायचं नाही, म्हणून तूच जिंकायचास.

आता उस्तीन्या. एका जुन्या रशियन मासिकात तुला ती गोष्ट सापडली होती, लेखकाचं नाव नसलेली. उस्तीन्या भूदास बाई, मालकाच्या घरचे कपडे धुणारी. मालक तिच्या हातात एक मोहोरबंद चिठ्ठी देतो आणि सांगतो, माझ्या बहिणीच्या गावी नेऊन दे. तीन दिवसांची वाट, बर्फातून पायी. उस्तीन्याला वाचता येत नाही. मरताना म्हातारी मालकीण तिला म्हणाली होती की तुला मोकळं करीन, त्यामुळे चिठ्ठीत तिची सुटका असेल. किंवा तिची पोर विकल्याचं लिहिलं असेल, कारण मालकाच्या घरी आठवडाभर तशी कुजबुज होती. वाटेत एक पाद्री भेटतो, म्हणतो, दे, वाचून दाखवतो. ती देत नाही. शेवटी ती बहिणीच्या दारात उभी राहते, बोटं गारठलेली, चिठ्ठी पुढे केलेली. इथे तू पुस्तक मिटलंस.

शेडमध्ये केवढा कल्ला झाला होता! एक म्हणाली, पाद्र्याला द्यायला पाहिजे होती, लई इमानदारी काय कामाची. दुसरी म्हणाली, चुलीत घालायची आणि पोरीला घेऊन पळायचं. तिसरीनं विचारलं, बर्फात चूल कुठं हाय? मी लिहून लिहून थकलो. पारूबाई मात्र गप्प होती. तू विचारलंस तेव्हा म्हणाली, "माझं अजून ठरंना." तिचं नाव मी लिहिलं आणि खाली जागा कोरी सोडली.

त्याच दिवशी परत निघताना मी कंधारच्या स्टँडवर लातूरच्या गाडीची वाट बघत बसलो होतो. तू नांदेडच्या गाडीनं आधीच गेला होतास. पारूबाई गावाकडून जीपनं आली, एवढ्यासाठीच आली, आणि माझ्या शेजारी बाकावर बसली. माझी पिशवी तिनं उचलून मांडीवर घेतली.

"सर, त्या बाईचं काय झालं?"

मी म्हणालो, मला सांगता येत नाही, मिलिंदचा नियम आहे.

"मिलिंदचा नेम मिलिंदपाशी. माझा बाप पाटलाच्या चिठ्ठ्या न्यायचा. ह्या गावाहून त्या गावाला, पायी. कोण मेलं ते सांगायला बी त्योच, अन् बंद चिठ्ठी न्यायला बी त्योच. एकदा बी कुणी त्याला वाचून दाखविली न्हाई. काय व्हतं त्येच्यात, मरंपर्यंत त्याला ठावं न्हाई झालं. तुमी सांगा. सांगितल्याबिगर मी उठत न्हाई."

लातूरची गाडी लागली आणि निघून गेली. ती उठली नाही. आमच्या घरातून अशा चिठ्ठ्या जायच्या, मिलिंद. आजोबा लिहायचे, आणि घेऊन जायला दारात कुणीतरी उभं असायचं. मी हे तुला एकदा सांगितलं होतं, तू "माहीत आहे" एवढंच म्हणालास. मग मी पारूबाईला शेवट सांगितला. चिठ्ठीत ना सुटका होती ना विक्री. मालकानं बहिणीकडे सफरचंदाच्या मुरंब्याची कृती मागितली होती. उस्तीन्याला स्वयंपाकघरात गरम सूप देतात, कुणीतरी तिला हसत हसत चिठ्ठीतला मजकूर सांगतं, आणि ती देवाचे आभार मानून बाईसाहेबांच्या झग्याचं टोक ओठांना लावते. मुरंब्याची बरणी छातीशी धरून आनंदानं परत जाते. वाचणाऱ्याला भडभडून यावं असा शेवट.

 पारूबाई "मुरंबा," एवढंच म्हणाली, माझी पिशवी मला दिली आणि जीपकडे गेली.

पुढच्या वर्षावासात तू ती गोष्ट पुन्हा वाचलीस आणि या वेळी तिनं तोंड उघडलं. तिचा शेवट मी माझ्या हातानं लिहिला आहे: "चिठ्ठी द्यायची. पण दारातच बसायचं. बाईनं ती मोठ्यानं वाचल्याबिगर उठायचंच न्हाई. सूप न्हाई प्यायचं, काई न्हाई. आत काय हाय ते ह्या कानांनी ऐकायचं, मंग पुढचं पुढं."

तू उड्याच मारायचा राहिलास. लोह्याला चहा पिताना तू मला म्हणालास, बघ, त्या लेखकाला हे सुचूच शकलं नसतं. त्यानं तिला दया दिली आणि हिनं तिला हक्क दिला. ओसरी आणि ओसरीखालचं अंतर एका वाक्यात आलं. त्यावर तू शेवटचं प्रकरण बांधलंस. आणि त्यात हे वाक्य घातलंस: "पारूबाईंना मूळ कथेचा शेवट ठाऊक नव्हता, त्यांनी दिलेला शेवट निखळ त्यांच्या अनुभवातून आलेला आहे."

लोह्याला तू बोलत होतास तेव्हा माझ्या हातातला कप तसाच राहिला होता. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. तू इतका खूश होतास की माझ्याच्यानं झालं नाही. मग ते प्रकरण तू हैदराबादला वाचलंस. मग मी ठरवलं, पुस्तक छापायच्या आधी सांगू. मग दोन वर्षं झाली, आणि दोन वर्षं गप्प राहिलेल्या माणसाला तिसऱ्या वर्षी बोलणं अवघड जातं. आणि खरं सांगू का? मला भीती वाटली की तू म्हणशील, शेवटी तू पाटलाचाच, नियम तुझ्यासाठी नसतातच. तू असं कधीच म्हणाला नसतास, तरी वाटली.

पाच वेळा तू मला हस्तलिखिताची प्रत पाठवलीस तपासायला. पाचही वेळा त्या वाक्याशेजारी समासात पेन्सिलीचा एक बारीक ठिपका होता. मी समजलो, तुला ते वाक्य बोजड वाटतंय. दर वेळी फोनवर तू विचारायचास, "शेवटच्या प्रकरणात काही राह्यलंय का?" आणि मी म्हणायचो, नाही, मी सगळं बघितलं. मग तू जरा थांबायचास आणि म्हणायचास, "बरं. मंग अजून एक गाव करू." भोकरकडची दोन गावं झाली. मुखेडकडचं झालं. मी ओरडायचो, अरे, किती गावं? पुस्तक काढ! निवृत्त होशील, मरशील, कधी काढणार? हे मी गेल्या दिवाळीत बोललो आहे, याच शब्दांत. तू हसलास. आता ते हसणं मला झोपेतून उठवतं.

गेल्या रविवारी तुझ्या गावी जलदान विधी झाला. भंतेजींनी वंदना घेतली, त्याच शेडमध्ये पंगती बसल्या. वहिनींनी मला बाजूला बोलावून कापडी पिशवी दिली. त्यात तुझी शेवटची प्रत होती. म्हणाल्या, "विलास भाऊजी, प्रकाशकांचा फोन आला होता, महिनाअखेरीला पाहिजे म्हणतात. ह्यांनी लिहून ठेवलंय की तुम्ही बघितल्याशिवाय द्यायची नाही." आणि मग जाता जाता म्हणाल्या, "जरा मावशींकडे बघा. सकाळपासून दारातनं हलेनात. जेवत बी न्हाईत."

पारूबाई शेडच्या दारात बसली होती, चौकटीला पाठ लावून. आता तिला नीट दिसत नाही, पण माझ्या चपलांचा आवाज ओळखला. मी तिच्यापुढे जमिनीवर बसलो आणि म्हणालो, "मावशी, एक चुकलंय माझं. स्टँडवर मी तुम्हाला शेवट सांगितला होता, ते मिलिंदला मी कधी बोललो नाही. त्याच्या पुस्तकात खोटं राहून गेलंय."

ती म्हणाली, "त्याला ठावं व्हतं की."

मला वाटलं, तिला नीट ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं.

"आवो, ठावं व्हतं. तुमी लोह्याला च्या प्यायला गेले त्याच्या आठ दिसानं आला व्हता. मीच सांगितलं. लातूरच्या सरानं सांगितलं म्हून.  मंग म्हनला, मावशे, इलासला म्हनू नको मला ठावं हाय. त्यो सांगंल. त्येच्या तोंडानं येऊ दे."

"आणि तुम्ही नऊ वर्षं..."

"मी काय करू? दोगं बी शिकलेले. तुमी सांगंना, त्यो इचारंना. मी बेजार झाले तुमच्या पायी."

मिलिंद, मला त्या क्षणी तुझी इतकी चीड आली की तू समोर असतास तर मी तुझी कॉलर धरली असती. नऊ वर्षं! एका वाक्यासाठी तू पुस्तक अडवून धरलंस आणि मला वर्गातल्या पोरासारखा उभा ठेवलास, उत्तर येतंय का बघत. एक फोन करून "मला माहीत आहे" म्हणाला असतास तर काय बिघडलं असतं? मी रडलो असतो, तू शिव्या दिल्या असत्यास, आपण लोह्याला चहा प्यायलो असतो आणि पुस्तक तुझ्या हातात आलं असतं. तुझ्या हातात, मिलिंद. आता ते वहिनींच्या हातात येईल आणि प्राचार्य त्याचं प्रकाशन करतील.

पारूबाईचं अजून संपलं नव्हतं. ती म्हणाली, "त्याच दिशी मी त्याला अजून एक म्हनले व्हते. म्हनले, मालकानं चिठ्ठी बंद करून दिली, अन् तू गोष्ट बंद करून ठिवली. आमी मोठ्यानं वाच म्हनलो तर म्हनतो नेम हाय. मंग तुझ्यात अन् त्येच्यात फरक काय? तवा जेवला न्हाई त्यो. तसाच गेला."

सतरा वर्षं जे मला धड मांडता आलं नाही ते तिनं तुला तीन वाक्यांत ऐकवलं होतं. म्हणजे तो वाद मी नऊ वर्षांपूर्वीच जिंकलो होतो आणि तू मला कळू दिलं नाहीस! त्यानंतरच्या गावांमध्ये, आता आठवतंय, तू बायांचे शेवट घेऊन झाल्यावर पुस्तक पुन्हा उघडायला लागलास. मूळ शेवट वाचून दाखवायचास आणि त्यावर त्या काय म्हणतात तेही मला लिहायला लावायचास. मी विचारलं, नियमाचं काय झालं? तू म्हणालास, म्हातारा झालो, धरवत नाही आता. मी भोळेपणानं ते खरं मानलं. म्हणजे तू नुसता माझी वाट बघत नव्हतास, तुझी चूकही निस्तरत होतास, गावोगाव फिरून, माझ्यासारख्या लपवणाऱ्याला बरोबर घेऊन. यासाठी तुझे आभार मानावेत की तुला शिव्या द्याव्यात, ते माझं अजून ठरत नाही.

मी पिशवीतून प्रत काढली. शेवटचं प्रकरण. वाक्याशेजारी तोच पेन्सिलीचा ठिपका होता. आणि या प्रतीत त्याच्यापुढे समासात तू एक गोष्ट जास्त केली होतीस. आपल्या वहीत बायांची लिहायचो तसं नाव लिहिलं होतंस, "विलास", आणि खाली जागा कोरी सोडली होतीस.

मी तिथेच, मांडीवर कागद घेऊन, ते वाक्य खोडलं. लिहायला बराच वेळ लागला. आत पंगत उठत होती, भांड्यांचा आवाज येत होता. पारूबाई दारात तशीच बसून होती. माझं पेन थांबलेलं तिला कसं कळलं कोण जाणे.

"लिवलं?"

"हो."

"मंग वाचा. मोठ्यानं."

मी वाचलं. "पारूबाईंना मूळ कथेचा शेवट ठाऊक होता. तो मी, विलासनं, कंधारच्या स्टँडवर त्यांना सांगितला. मिलिंदला न विचारता सांगितला आणि तो जाईपर्यंत ते त्याच्यापासून लपवून ठेवलं. माझ्या आजोबांच्या चिठ्ठ्या ज्यांनी वाहिल्या त्यांना त्या कुणी वाचून दाखवल्या नाहीत. पारूबाईंनी दिलेला शेवट त्यांना सुचलेला नाही. तो त्यांनी आधी माझ्यासमोर करून दाखवला होता. सांगेपर्यंत त्या बाकावरून उठल्या नव्हत्या."

तिनं मान हलवली. चौकटीला हात दिला, दुसरा हात गुडघ्यावर टेकला आणि पारूबाई उठली. आत जाऊन म्हणाली, "वाढा मला. भूक लागली."